आवक क्रमांक दोनशे चौदा

‘नजर घारीची, नाक मुंगीचं, कान सशाचे आणि स्मरणशक्ती सातबाऱ्याची.’ हे वर्णन कोण्या नव्या प्राण्याचं नसून मंगरूळपीरच्या जगदेवराव गावंडे यांचं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच लिहून कार्डावर छापून घेतलं होतं. त्याखाली ठळक अक्षरात ‘गुप्तहेर’, आणि आणखी खाली वेळ: अकरा ते पाच, जेवणाची सुट्टी एक ते दोन. घरात पाटीसुद्धा होती. गुप्तपणाला बाध येऊ नये म्हणून ती दाराबाहेर न लावता आतल्या खोलीत लावलेली होती, त्यामुळे जो आधीच आत आला असेल त्यालाच ती वाचता यायची.

रविकांतला हे सगळं तोंडपाठ होतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून तो निवृत्त झाला, तेव्हा आता निवांत बसावं असं त्याच्या मनात होतं. पण जगदेवराव शाळेपासूनचे दोस्त, आणि गुप्तहेराला सहायक लागतोच. तपासाची डायरी लिहायची, पुराव्याची पिशवी धरायची आणि जगदेवराव चुकले की मान डोलवायची, एवढंच काम होतं. आजवर सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे गल्लीतल्या हरवलेल्या कोंबड्याचं. त्यात जगदेवरावांनी दुसऱ्या दिवशी संशयिताच्या घरी जाऊन दोन तास उलटतपासणी घेतली, तिथंच जेवले, आणि रस्सा फार चांगला झाल्याचं सांगून परत आले. डायरीत त्या प्रकरणापुढे ‘यशस्वी’ असा शेरा आहे.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळीच त्यांचा फोन आला. घरात चोरी झाली होती, येताना सुती दोरा आणि सील करायची लाख आणायची होती, आणि कोणाला काही बोलायचं नव्हतं. रविकांत डोक्याला दुपट्टा बांधून निघाला. त्याची छत्री तीन वर्षांपासून जगदेवरावांकडेच अडकून पडली होती.

ती का अडकली होती हे सांगायलाच हवं. जगदेवरावांनी एका सरकारी कार्यालयात तेहतीस वर्षं आवक-जावक शाखेत काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि गठ्ठ्यात बांधायचा. निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, पण सवय त्यांच्यासोबत घरी आली. आता घरातली प्रत्येक वस्तू आवक रजिस्टरात चढलेली होती आणि तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी होती. फ्रिज सात, पाण्याची टाकी एकोणीस, देवघरातली घंटा चाळीस. पंचफुलाबाईंनी स्वतःला चिठ्ठी लावू दिली नाही, म्हणून क्रमांक एक रिकामा होता. रविकांत एकदा पावसात छत्री विसरून गेला, तर दुसऱ्या दिवशी तिच्या दांड्यावर एकशे त्रेसष्ट. वस्तू बाहेर न्यायची तर जावक रजिस्टरात नोंद हवी, आणि जावक रजिस्टर जगदेवरावांनी अजून उघडलंच नव्हतं. दरवर्षी पाडव्याला आवकचं नवं रजिस्टर सुरू व्हायचं आणि घरभर नवे क्रमांक लागायचे. घरच्यांना त्याची इतकी सवय झाली होती की चिठ्ठी कोणाच्या डोळ्यांना दिसतच नसे.

चोरी झाली होती ती संगणकातून.

जगदेवरावांचा मुलगा राजपाल पुण्याला कंपनीत होता आणि सून योगिनी इथं राहून मराठी टायपिंगची परीक्षा देत होती. मागच्या खेपेला ती नऊ शब्दांनी मागे राहिली होती. सोमवारी वाशीमला दुसरी खेप होती. गावाजवळच्या शाळेत लिपिकाची जागा निघणार होती आणि तिला हे प्रमाणपत्र लागत होतं. पण या खेपेला नाही जमलं तर टायपिंग कायमचं बंद, असं जगदेवरावांनी ठरवून टाकलेलं होतं. घरातला कोणताही ठराव करताना ते स्वतःच सूचक असत आणि स्वतःच अनुमोदक.

योगिनीनं रविकांतसमोर चहा ठेवला आणि सगळं शांतपणे सांगितलं. टायपिंग शिकवणारे उत्कर्ष राठोड सर. त्यांनी सरावाचा एक प्रोग्रॅम स्वतःच तयार केला होता. परीक्षेसारखाच उतारा यायचा, सात मिनिटांचं घड्याळ चालायचं, चुका मोजल्या जायच्या. आता घरी बनवलेला प्रोग्रॅम म्हटल्यावर संगणकाचा राखणदार, म्हणजे अँटिव्हायरस, त्याला ओळखणार कसा? म्हणून सरांनी घरी येऊन त्या राखणदाराच्या भरवशाच्या यादीत त्याचं नाव घालून दिलं होतं. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. पाडव्यापासून मात्र प्रोग्रॅम उघडला रे उघडला की कोपऱ्यातून ढालीचं चित्र वर यायचं, ‘धोका आढळला, काढून टाकला’ असं सांगायचं, आणि प्रोग्रॅम गायब. तिनं दोनदा पेन ड्राइव्हमधून नवीन आणून ठेवला. दोन्ही गेले. सर त्यांच्या तांड्यातल्या लोकांसोबत पोहरादेवीला यात्रेत होते, तिथल्या गर्दीत त्यांचा फोन लागत नव्हता, आणि संस्थेला मंगळवारपर्यंत कुलूप होतं.

“मामाजी, मले फक्त ते भरवशाची यादी उघडून पाहू द्या,” योगिनी म्हणाली. “पाच मिनिटांचं काम हाये.”

“घटनास्थळी कोणीही हात लावायचा नाही,” जगदेवराव म्हणाले. तपास सुरू झाला की ते छापील मराठी बोलत. मग त्यांनी रविकांतच्या हातून दोरा घेऊन पडदा, कळफलक आणि भिंतीवरचा वीज बोर्ड असा सगळा संसार गुंडाळला आणि गाठीगाठीवर लाख लावली. लाखेचा एक थेंब त्यांच्या अंगठ्यावर पडला. तोही त्यांनी डायरीत नोंदवायला लावला.

पहिला सिद्धांत अकरा वाजून दहा मिनिटांनी तयार झाला. चोर बाहेरून आला. खिडकीखालच्या मातीत चपलेचे ठसे होते, आणि जगदेवराव भिंग घेऊन त्यांच्यामागे ओणवे चालत निघाले. ठसे तुळशीपाशी गेले, तिथून न्हाणीघराकडे, न्हाणीघरातून परत ओसरीवर, आणि ओसरीवर एका चपलेच्या जोडात जाऊन संपले. जोड जगदेवरावांचा होता. त्यावर एकशे दोन क्रमांकाची चिठ्ठी होती. त्यांनी तो भिंगातून उलटसुलट पाहिला, आणि चोर आपल्याच मापाची चप्पल वापरतो, अर्थात त्याने आपला सखोल अभ्यास केलेला आहे, असं त्यांनी लिहून घ्यायला सांगितलं. रविकांतनं लिहिलं. संगणकातला प्रोग्रॅम न्यायला चपला कशाला लागतात, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता, पण कंडक्टरकीनं त्याला एक गोष्ट शिकवली होती: घाट चढत असताना ड्रायव्हरशी वाद घालायचा नाही.

दुसरा सिद्धांत स्वतःच्या पायांनी चालत आला. शेजारच्या भागिरथाबाई विरजणासाठी वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांची मुलगी रीता हीच परीक्षा देत होती. जगदेवरावांच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या. त्यांनी भागिरथाबाईंना खुर्चीवर बसवलं, वाटी पुराव्याच्या पिशवीत टाकायला लावली आणि पाडव्याच्या दिवशी सकाळी आपण कुठे होता, असं विचारलं.

“तुमच्याच घरी होती,” भागिरथाबाई म्हणाल्या. “गुढीची गाठी द्यायले आली होती ना मी. तुमी संगणकापाशी रजिस्टर घेऊन बसले होते. मले म्हणे, बाजूले सरका, नोंदी चालू हायेत.”

“संशयित प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देते,” जगदेवराव रविकांतच्या कानात म्हणाले. “हे फार गंभीर आहे.”

पण ते कानात बोलले तरी ओसरीभर ऐकू गेलं. पोरीच्या परीक्षेसाठी आपण चोरी केली असा आळ घेतला जातोय हे भागिरथाबाईंना तिथं कळलं. त्या उठल्या. सरांची संस्था बंद आहे, रीताकडे तर घरी संगणकसुद्धा नाही, ती चार दिवसांपासून पाटावर बोटं आपटून सराव करते आहे, एवढं त्यांनी योगिनीकडे पाहून सांगितलं आणि त्या निघून गेल्या. वाटी पिशवीतच राहिली. रविकांतला फार वाईट वाटलं. योगिनीनं आतल्या खोलीत जाऊन पोळपाट मांडीवर घेतला आणि तीही त्यावर बोटं चालवू लागली. ती टकटक पुढचा तासभर चालू राहिली.

एक ते दोन तपास बंद होता. या तासाभरात चोर कबुलीजबाब द्यायला दारात आला असता, तरी जगदेवरावांनी त्याला दोन वाजता यायला सांगितलं असतं.

तिसरा सिद्धांत ठीक दोन वाजता, ताकाच्या दुसऱ्या पेल्यासोबत बाहेर पडला. आत येताना कोणी दिसलं नाही, बाहेर जाताना कोणी दिसलं नाही, म्हणजे चोर आतच बसलेला आहे. वस्तू गेली की दर वेळी ढाल घेऊन कोण समोर येतं? राखणदार. सबब राखणदारच चोर. त्याला आजच्या आज निलंबित करायचं, असा आदेश जगदेवरावांनी रिकाम्या ताटाशेजारीच काढला. नाहीतर दुसरा उपाय म्हणजे संगणकात जे जे आहे ते सगळंच भरवशाच्या यादीत घालायचं. मग तो काढील कोणाला?

योगिनी दारात येऊन उभी राहिली. “तसं नका करू, मामाजी. बँकेचं, आधारचं, अख्ख्या घराचं त्याच्यातच हाये. एक पाहुना घरात घ्यायचा म्हनून सगळ्या गावाले किल्ल्या वाटता का?”

जगदेवरावांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. प्रश्न तपासाच्या बाहेरचा असल्यानं त्याचं उत्तर देणं आपल्यावर बंधनकारक नाही, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता.

रविकांतनं आजवर जगदेवरावांच्या सिद्धांताला कधी विरोध केला नव्हता. पण आज त्याला त्या ढालवाल्याची दया आली. बिचारा दिवसभर दारात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे पास मागणारा माणूस. म्हणजे रविकांतच की. “जगदेवभाऊ, मले नाई वाटत तो चोर हाये,” तो म्हणाला. “माह्या गाडीत एकदा माहाच साळा बसला होता. पास होता त्याच्यापाशी, चांगला नवाकोरा. पन पास मंगरूळ ते मानोरा, अन् गडी बसला वाशीमच्या गाडीत. म्या त्याले फाट्यावर उतरवलं. मानूस वळखीचाच होता. पासही खराच होता. पन जागा बदलली ना.”

त्यावर साळ्यानं चार वर्षं तोंड पाहिलं नाही, हेही त्याला सांगायचं होतं. पण योगिनी त्याच्याकडे असं टक लावून पाहत होती की तो मध्येच थांबला.

“काकाजी, परत सांगा,” ती म्हणाली. “शेवटचं.”

“जागा बदलली ना,” रविकांत म्हणाला.

योगिनीनं वळून संगणकाकडे पाहिलं, आणि मग लाखेकडे. जगदेवराव हात पसरून मध्ये उभे राहिले. गोष्ट तिथंच अडकली असती. पण दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर चैत्रातलं ऊन रटरटत होतं, आणि पंचफुलाबाई विळी घेऊन स्वयंपाकघरातून आल्या. कूलरची पिन त्याच वीज बोर्डात लागायची आणि सकाळपासून घरात कूलर बंद होता. त्यांनी कोणाला काही न विचारता विळीच्या पात्यावर दोरा धरून खसकन कापला.

“तुमचा चोर गारव्यात बसून धुंडा,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कूलरसोबत संगणकाचंही बटण दाबलं.

सरकारी सील तोडल्याचा गुन्हा जगदेवरावांच्या ओठांपर्यंत आला होता, पण लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. ते खुर्चीत बसले.

योगिनीनं ढालीवर टिचकी मारून भरवशाची यादी उघडली. यादीत एकच ओळ होती. सरांनी घातलेली, प्रोग्रॅमचं नाव, आणि तो राहतो कुठे त्याचा पत्ता: ‘डी’ ड्राइव्हचा कप्पा, टायपिंग नावाच्या फोल्डरची खोली. मग तिनं ‘डी’ कप्पा उघडला. तिथं टायपिंग नावाची खोलीच नव्हती. तिथं एकच भलं मोठं दप्तर होतं, त्याचं नाव ‘आवक’. दप्तरात गठ्ठा पहिला, गठ्ठा दुसरा, गठ्ठा तिसरा. दुसऱ्या गठ्ठ्यात, राजपालच्या लग्नाचे फोटो आणि सोयाबीनच्या विम्याचा अर्ज यांच्या मध्ये, क्रमांक दोनशे चौदा: टायपिंग.

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. रविकांतनं डायरीत ‘गुन्हेगाराचे नाव’ हा रकाना उघडला आणि पेनाचं टोपण काढून वाट पाहत राहिला.

“मामाजी,” योगिनी म्हणाली, “याचं घर कोनं बदललं?”

“बदललं नाही,” जगदेवराव म्हणाले. “नोंदवलं.” मग त्यांच्या तोंडून छापील मराठी गळून पडली. “पाडव्याले नवं रजिस्टर काढलं मी. याच्यात पाह्यलं तं सारा पसारा. एकाही वस्तूले नंबर नाई. राजपालनं मले कापनं अन् चिकटवनं शिकवलं होतं. मंग घेतलं आवरून. मले काय मालूम, तो ढालवाला पत्ता पाहून राह्यला.”

दर वेळी योगिनी पेन ड्राइव्हमधून नवा प्रोग्रॅम आणायची आणि या दोनशे चौदातच ठेवायची. नंबर तिनं पाहिला होता, पण या घरात नंबर कोण मनावर घेतं? ढालवाल्याला मात्र कोणी नव्या नोंदीची नक्कल दिली नव्हती. त्याच्या यादीतला माणूस जुन्या पत्त्यावरचा होता, आणि हा भलत्याच पत्त्यावर उभा होता.

आता ती चिडेल असं रविकांतला वाटलं. तिचा अख्खा आठवडा गेला होता. पण ती खुर्ची ओढून बसली.

“मी लग्न होऊन इथं आली तवा माहं असंच झालं होतं, काकाजी,” ती म्हणाली. “माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी झालं, अन् इथल्या कार्डावर चढलं नव्हतं. मधले आठ मयने मी कुठंच नव्हती. जिथं जाय तिथं म्हनत, बाई, यादीत नाव नाई. मंग मामाजीच अर्ज घेऊन गेले. अकरा चकरा मारल्या त्याइनं.”

जगदेवरावांनी अंगठ्यावरची लाख खरवडायला सुरुवात केली. ते वर पाहत नव्हते.

जुन्या जागीच परत नेऊन ठेव, असं ते शेवटी पुटपुटले. नंबर काढून टाकीन म्हणाले. तेहतीस वर्षांत त्यांनी दिलेला क्रमांक कधी मागे घेतला नव्हता, हे रविकांतला माहीत होतं.

“राहू द्या इथंच,” योगिनी म्हणाली. “नंबर लागला ना आता.”

तिनं यादीत नवा पत्ता घातला, फक्त त्या एका खोलीचा. दप्तराचा नाही, कप्प्याचा नाही. जुनी ओळ तिनं पुसून टाकली. रिकाम्या घराची किल्ली कोणाच्या हाती कशाला ठेवायची, असं ती म्हणाली. मग पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्रॅम आणला, उघडला. चौघांनीही कोपऱ्याकडे पाहिलं. ढाल वर आली नाही. पडद्यावर उतारा आला, आणि सात मिनिटांचं घड्याळ चालू झालं.

एवढा मोठा तपास लागला म्हटल्यावर डायरीत काहीतरी लिहिणं भाग होतं. जगदेवरावांनी खुर्ची डायरीजवळ ओढली. मग त्यांनी सांगितलेलं रविकांतनं जसंच्या तसं उतरवून घेतलं: ‘गुन्हेगार घरचाच निघाला. वय व पूर्वीची सेवा लक्षात घेता समज देऊन सोडला.’ शेरा त्यांनी स्वतःच्या हातानं मारला, ‘यशस्वी’.

त्यानंतर पुराव्याच्या पिशवीतून वाटी काढून, तिच्यात भरपूर दही घालून, पंचफुलाबाईंनी ती गुप्तहेराच्याच हातात दिली. भागिरथाबाईंच्या दारात काय बोलणं झालं ते रविकांतला कळलं नाही. पण अर्ध्या तासानं जगदेवराव परतले ते रीताला सोबत घेऊनच. शनिवार आणि रविवार दोघी आळीपाळीनं संगणकावर बसल्या. एकीची सात मिनिटं संपली की दुसरी. रविवारी संध्याकाळी योगिनीचे शब्द पुरे होऊन वर दोन उरले होते, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नाही. पंचफुलाबाईंनी ते पडद्यावर वाचून सगळ्या गल्लीला सांगितलं.

सोमवारी सकाळी दोघींना वाशीमच्या गाडीत चांगली जागा धरून द्यायची म्हणून रविकांत लवकर आला. ओसरीवर टेबल मांडलेलं होतं. जगदेवराव इस्त्रीच्या शर्टात बसले होते आणि त्यांच्यासमोर एक कोरं रजिस्टर होतं. बांधणीचा दोरासुद्धा अजून ताठ होता. वर लिहिलं होतं: जावक.

त्यांनी रेघ मारली, क्रमांक टाकला आणि सावकाश लिहिलं, मोठ्यानं उच्चारत. ‘जावक क्रमांक एक. सौ. योगिनी राजपाल गावंडे. परीक्षेसाठी वाशीमला रवाना.’ मग रजिस्टर फिरवून तिच्यापुढे केलं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. योगिनीनं सही केली. मग तिनं भीतभीत विचारलं की या खेपेलाही कमीच पडले शब्द, तर.

“तं पुढच्या खेपेले जाशीन,” जगदेवराव म्हणाले. “हे रजिस्टर एकदा उघडलं का बंद होत नाई. त्याले पानं लय हायेत.”

योगिनी खाली वाकून त्यांच्या पाया पडली आणि पिशवी उचलून निघाली. रीता फाटकापाशी थांबलेली होती. रविकांत त्यांच्यामागे जायला वळला, तेवढ्यात जगदेवरावांनी त्याला हाक मारून थांबवलं, दाराआडची छत्री काढून टेबलावर ठेवली आणि दुसरी रेघ मारली. रविकांतनं क्रमांक दोनवर सही केली. गाडीला अजून वीस मिनिटं होती आणि ऊन आत्ताच चढलं होतं, म्हणून त्यानं छत्री उघडली आणि ती दोघींच्या डोक्यावर धरून स्टँडचा रस्ता धरला.